एका पायावर

व्हिडिओ चौदा सेकंदांचा होता, आणि तो पालकांच्या ग्रुपवर आला तेव्हा सुनिताचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. खानावळीत सकाळची ऐंशी ताटं असायची. परीक्षांचा अभ्यास करायला खेड्यापाड्यांतून बीडला येऊन राहिलेली पोरं साडेनऊपासून दारात उभी राहायची, त्यामुळे त्या वेळी फोनला हात लावायचा नाही हा तिचा नेम. पण शेजारी पोळ्या लाटणाऱ्या अंजनाची पोरगी सुनिताच्या पोरीच्याच शाळेत, तिच्याच पाचवीच्या वर्गात, आणि अंजनानं आपला फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. ती बघता बघता हसली आणि मग ते हसू तिनं गिळलं. ते गिळणं सुनिताला दिसलं. "काय गं?" "काय न्हाई. शाळेतला योगा हाय." "दाव की." "मागून बघ, कणीक वाळंल." अंजनाच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या खानावळीला ठाऊक. ती अंजना एवढं तोलूनमापून बोलली म्हणजे काहीतरी होतं. सुनितानं कणीक तशीच सोडली, हात लुगड्याला पुसले आणि फोन उचलला. मैदानावर चाळीस पोरी ओळींनी उभ्या. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याचा तळवा गुडघ्याला लावलेला, हात डोक्यावर जोडलेले. तिसऱ्या ओळीत तिची करिष्मा दोन्ही पायांवर उभी. बाईंचा आवाज आला, "करिष्मा, उचल पाय. उचल ना, सगळ्यांनी उचललाय." करिष्मानं उचलला. तीन सेकंद झाले नसतील, ती डावीकडं कलली आणि शेजारच्या पोरीची बाही धरली, शेजारचीनं पलीकडचीची, आणि चार पोरी एकीवर एक मातीत बसल्या. सगळ्यांत खाली कोण होतं ते दिसलंच नाही, कारण फोन धरणारं माणूस हसायला लागलं होतं आणि चित्र हलत होतं. खाली ग्रुपवर हसणारी तोंडं, एक-दोन लाल बदाम, आणि कुणाच्या तरी बापानं लिहिलेलं, "आमच्या पोरीला लागलं असतं तर जबाबदार कोण?"

बाईंनी थोड्या वेळानं व्हिडिओ काढून टाकला. पण सुनिताच्या फोनमध्ये तो उतरून बसला होता. दिवसभरात तिनं तो किती वेळा बघितला ते सांगायची सोय नाही. भांड्यांच्या मोरीवर बघितला, पिठाच्या डब्यांमागं बघितला, घरी जाताना रिक्षात आवाज बंद करून बघितला. हसणाऱ्यांचा तिला राग आला नाही. राग यावा असं तिला वाटत होतं, राग आला असता तर बरं झालं असतं. तिला दिसत होता फक्त पोरीचा डावा घोटा. पडायच्या आधी, सगळ्यांच्या आधी, तो आतल्या बाजूला मुडपला होता. पांढऱ्या मोज्यात, मातीनं लाल झालेल्या बुटात, तो जरासा आत गेला, आणि मग बाकीचं अंग त्याच्यामागं गेलं. तो घोटा सुनिताच्या ओळखीचा होता. तो तिचाच होता. दहा वर्षं ती ह्याच गोष्टीची वाट बघत होती आणि दहा वर्षं ती येऊ नये म्हणून जिवाचं रान करत होती, आणि आता ती चौदा सेकंदांत, सगळ्या पालकांच्या देखत, येऊन गेली होती.

कोयत्यावर असताना सुनिताची एक मिजास होती. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको उसाचा पाला साळते आणि मोळ्या बांधते, आणि ट्रक आला की दोघं भरतात. भरायचं म्हणजे ट्रकला तिरकी लावलेली दीड वीत रुंदीची फळी, आणि तिच्यावरून डोक्यावर मोळी घेऊन वर जायचं. फळी पावलागणिक लवते. ट्रक जसजसा भरत जातो तसतशी ती उभी होत जाते. फडातल्या बऱ्याच बाया एक हात मोळीला आणि एक हात हवेत धरून चढायच्या, कुणी तोंडानं देवाचं नाव घ्यायचं, कुणी नवऱ्याला खाली उभं करायचं. सुनिता दोन्ही हात मोकळे सोडून चढायची. मोळी डोक्यावर, चुंबळ घट्ट, नजर वर ट्रकच्या कडेवर, आणि हात असे, बाजारात निघालेल्या बाईचे असतात तसे. लग्न होऊन आली त्या पहिल्याच हंगामात मुकादम राधाकिशन थांबून बघत राहिला होता आणि तिच्या नवऱ्याला, परमेश्वराला, म्हणाला होता, "लेका, बायको केलीस का डोंबारीण?" परमेश्वर लाजला होता. तिला मात्र ते इतकं गोड वाटलं होतं की त्या दिवशी तिनं गरज नसताना चार खेपा जास्त केल्या. आयुष्यात कुणी तिला हुशार म्हटलं नव्हतं, देखणी म्हटलं नव्हतं. फळीवर मात्र सगळा फड तिच्याकडं बघायचा. अंगातली सगळी माती तेवढ्यापुरती खाली राहिल्यासारखी वाटायची आणि ती हलकी व्हायची.

सातवा महिना लागला तेव्हा सासूनं, कौशल्याबाईनं, बजावलं होतं. "आता फळी बास. खाली बसून मोळ्या बांध." सुनिता हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, परमेश्वर तापानं फडाकडेच्या कोपीत पडलेला, ट्रक अर्धा भरलेला, बाया दमलेल्या, तेव्हा तिनं मोळी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं, हे तिला चांगलं आठवतं. उलट एकीनं "अगं, कावून चढतीस?" असं म्हटलंही. तिला फक्त दाखवायचं होतं, की पोट असलं तरी आपण हात सोडून चढतो. दवानं फळी ओली होती. चार खेपा नीट झाल्या. पाचव्या खेपेला मधोमध तिचा डावा घोटा आत मुडपला. वरचा माणूस पाठमोरा होऊन ऊस लावत होता, बाया पलीकडच्या बाजूला होत्या. ती कुशीवर पडली, उसाच्या पाचटाच्या ढिगावर, उंचीही फारशी नव्हती. कुठं खरचटलंसुद्धा नाही. मोळी सुटून बाजूला पडली. तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी बघितलं नव्हतं. तेव्हा तिला काय वाटलं होतं ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटाची काळजी तिच्या मनात नंतर आली. आधी तिला हायसं वाटलं की बरं झालं, कुणी बघितलं नाही. मग ती उठली, मोळी परत बांधली आणि चढली.

तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. करिष्मा सातव्या महिन्यात झाली, सव्वा किलोची, दोन्ही तळहातांत मावेल एवढी, आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, कुठं पडलाबिडलात का? परमेश्वर शेजारी उभा होता, सासू उभी होती. सुनिता म्हणाली, न्हाई. त्या एका 'न्हाई'वर पुढचं सगळं उभं राहिलं. कौशल्याबाईनं तिथंच दवाखान्याच्या भिंतीला हात लावून गावच्या देवीला बोलून टाकलं, पोर जगू दे, पाच वर्षं तिच्या वजनाचा गूळ वाटीन. आणि पोर जगली. मग दर चैत्रात बीडजवळच्या पालीच्या पुढच्या त्यांच्या वस्तीवर लिंबाच्या फांदीला मोंढ्यातून, शहरातल्या धान्यबाजारातून, आणलेला मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात करिष्मा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि सगळ्या वस्तीनं भोवती उभं राहायचं. पहिल्या वर्षी ढेप फोडून टाकावी लागली होती, एवढंसं ते पोर. दुसऱ्या वर्षी एक अख्खी ढेप आणि वर तुकडे. चौथ्या वर्षी करिष्माचं पारडं दाणकन खाली बसलं आणि बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. नवस पाच वर्षांचा होता, पण म्हातारीला त्यात असा काही आनंद सापडला की तिनं तो चालूच ठेवला. "ही सव्वा किलोची होती!" ती दर वर्षी नव्या माणसाला ओरडून सांगायची. मागच्या चैत्रात ढेपा पारड्यात मावेनात. परमेश्वरानं आणखी एक ढेप वर ठेवली, आणखी एक ठेवली, आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते सुनितानं लग्नातही बघितलं नव्हतं. अठ्ठावन्न किलो. सगळ्या गावाला गूळ पुरला. त्यांना तोलायला एवढंच साधन ठाऊक होतं, आणि त्यात पोर दर वर्षी जिंकत होती. हसणाऱ्यांनी हसावं, पण ज्यांनी सव्वा किलोचं लेकरू काचेतून बघितलंय त्यांना विचारावं.

करिष्मा झाल्यावर सुनितानं परत कोयता धरला नाही. परमेश्वर मोंढ्यात हमाली करायला लागला, बीडच्या पेठेत दोन खोल्या घेतल्या, ती खानावळीत लागली. पोर उशिरा उभी राहिली, दीड वर्षाची असताना, भिंत धरून. सुनिता चूल सोडून धावली आणि तिला उचललं. त्या दिवसापासून ती उचलतच राहिली. पोटातल्या पोरीला जो धक्का बसला तो कुठंतरी आत तसाच राहिलाय, ती पडणार, आपला घोटा मुडपला तसा तिचा मुडपणार, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. म्हणून करिष्मा चार वर्षांची होईस्तोवर कडेवर होती. जिना उतरताना हात. शाळेत रिक्षानं. गल्लीतल्या पोरी लंगडी खेळायला बोलवायच्या तेव्हा सुनिता दारातूनच सांगायची, "तिला बरं न्हाई." दोरीवरच्या उड्या नाहीत, झाडाचा पार नाही, जत्रेतला पाळणा नाही. पोर रडली की हातात काहीतरी द्यायचं, खारी, शेंगदाण्याचा लाडू, साखर लावलेली पोळी, आणि रडू थांबायचं. परमेश्वर संध्याकाळी मोंढ्यातून येताना रिकाम्या हातानं कधी आला नाही. पाठीवर दिवसभर पोती वाहिलेला माणूस कागदाचा पुडा छातीशी धरून यायचा आणि पोरीनं पुडा उघडताना तिच्याकडं बघत बसायचा. ह्यात वाईट काय होतं? सुनिता स्वतःलाच विचारायची. कुणाच्या घरात ह्याहून जास्त माया होती?

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा करिष्मा खिडकीतल्या तिच्या जागेवर बसली होती. ती जागा ठरलेली. खिडकीखाली लोखंडी पेटी, तिच्यावर गोधडी, आणि तिथून खालची सगळी गल्ली. पोरीला एक विद्या अवगत होती. नुसत्या पावलांच्या आवाजावरून ती माणूस ओळखायची. डोळे मिटून बसायची आणि सांगायची, हा टाचा घासतोय तो गेवराईचा सुरज, गल्लीतल्या मेसचं ताट न्यायला आलाय. ही घाईघाईची तेलीणकाकू. हे पप्पा, आज डावा खांदा दुखतोय. आणि परमेश्वर खरंच डावा खांदा चोळत यायचा. "शाळेत काय झालं गं?" सुनितानं विचारलं. "काय न्हाई. चार जणी पाडल्या." पोर असं म्हणाली जणू चार विकेट काढल्या. मग आईचं तोंड बघून तिनं पुढं जोडलं, "सगळ्यात खाली अंजनामावशीची होती. तिला लागलं न्हाई, मी विचारलं. ती म्हणली, मऊ होतं." आणि हसली. सुनिताला हसता आलं नाही. करिष्मानं आईकडं जरा वेळ बघितलं, हसू आवरलं आणि दप्तरातून एक चिठ्ठी काढली. बाईंनी लिहिलं होतं की मुलीचा तोल फार कमी आहे, ह्या पत्त्यावर फिजिओथेरपीवाल्या मॅडम आहेत, एकदा दाखवून घ्या. परमेश्वर आला तेव्हा त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "आजारी हाय का पोर?" "न्हाई." "मग कावून रडतीस?" ती रडत होती हे तिला त्यानं म्हटल्यावर कळलं. "जाऊ दे, मोठी झाल्यावर हुईल समदं नीट," तो म्हणाला आणि पुडा पोरीपुढं ठेवला. त्याच्याकडं बघताना सुनिताच्या मनात आलं, ह्याला आत्ता सांगावं. मी पडले व्हते. तुम्ही तापानं पडला होता त्या दिवशी, मी फळीवरून पडले आणि कुणाला बोलले नाही. वाक्य जिभेवर तयार होतं. पण मग दहा वर्षांचा गूळ, म्हातारीचा आनंद, हा पुडा, ह्या सगळ्याचं काय करायचं ते तिला कळेना, आणि ती भाकरी थापायला उठली.

गुरुवारी दुपारी ती पोरीला घेऊन गेली. नगर रोडला एका मेडिकलच्या मागं, तीन पायऱ्या चढून, दोन खोल्यांचा दवाखाना. मॅडम म्हणजे पंचविशीतली माजलगावची पोरगी, तेजश्री नावाची, पायांत साधे बूट, बोलणं चटचटीत. सुनितानं मनात ठरवून आणलं होतं की हिला सगळं सांगायचं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. तेजश्रीनं आधी पोरीला बघितलं. डोळे, कान, गुडघ्यांवर छोटी हातोडी, घोटे फिरवून, पाठीवर हात ठेवून. मग जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. करिष्मा चौथ्या पावलाला पट्टीबाहेर गेली. सुनिता खुर्चीतून अर्धी उठली होती. मग एका पायावर. उजव्यावर दोन सेकंद. डाव्यावर पाय उचलला न उचलला तोच खाली. "डोळे मिटून बघूया?" "नको म्याडम," सुनिताच म्हणाली, "पडंल ती." तेजश्रीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "लहानपणी किती पडायची?" "एकदाबी न्हाई," सुनिता म्हणाली. अंगात थोडा ताठा आलाच, नाही म्हटलं तरी. "मी पडूच दिलं न्हाई."

तेजश्रीनं पेन खाली ठेवलं. सुनिताला वाटलं हीच वेळ. पोर पलीकडं रबरी चेंडू दाबून बघण्यात गुंतली होती. खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली करून, तिनं सांगितलं. फळी, दव, पाचवी खेप, डावा घोटा, तिसऱ्या दिवशीच्या कळा, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. सांगताना आवाज फुटेल असं वाटलं होतं, पण नाही फुटला. रिकामं होत चालल्यासारखं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "माझं पडणं हिच्यात उतरलंय. डाव्या पायात. तुमी बघितलंच आत्ता." आणि ती वाट बघत राहिली. कुणीतरी एकदा तिला होय म्हणावं, होय बाई, तुझ्यामुळंच झालं, एवढंच तिला पाहिजे होतं. दहा वर्षं उराशी धरलेली गोष्ट एकदा कुणीतरी बघून खरी म्हणावी. तेजश्रीनं हळू आवाजात सांगितलं. "ताई, लवकर जन्मलेल्या काही मुलांना पुढं त्रास होतो. म्हणूनच मी सगळं नीट तपासलं. हिच्यात तसं काही नाही. डोकं चांगलं, कान चांगले, नसा चांगल्या. तुम्ही फळीवरून पडलात त्याचा हिच्या तोलाशी संबंध मला तरी दिसत नाही." सुनितानं विचारलं, "मग?" "वजन जास्त आहे, त्यामुळं अंग एकदा कललं की परत आणायला घोट्याला जास्त जोर लागतो. तेवढा जोर पायात नाही, कारण पाय वापरलेच गेले नाहीत. मुलं पडत पडत सावरायला शिकतात. लंगडीत, झाडावर, दोरीवर. हजार वेळा पडतात. ही पडलीच नाही, मग सावरायचं शिकणार कुठं?" ती थांबली, आपण फार सरळ बोललो असं वाटून म्हणाली, "पण शिकता येतं. अजून दहा वर्षांचीच आहे. खाणंपिणं पण बघू हळूहळू, तिला उपाशी ठेवायचं नाही."

पुढचं सुनिताला नीट ऐकू आलं नाही. तिला अपराधातून सोडवलं होतं खरं तर. कुणीही दुसरं असतं तर पाया पडलं असतं. पण तिच्या छातीतून जे निघालं त्याच्या जागी जे आलं ते फार वाईट होतं. पाचटावरच्या त्या पडण्यानं काहीच झालं नव्हतं. एका सकाळची चूक, ओल्या फळीची, बावीस वर्षांच्या पोरीच्या मिजाशीची, ती एक वेळ देवाच्या पायाशी ठेवता आली असती. पण नंतरचं सगळं कुठं ठेवायचं? भिंत धरून उभं राहिलेलं दीड वर्षाचं लेकरू चुलीपासून धावत जाऊन उचललं ते? "तिला बरं न्हाई" असं दारातून किती वेळा सांगितलं ते? कडेवरची चार वर्षं, धरलेला प्रत्येक हात, रडू थांबवणारी प्रत्येक साखरपोळी? ते काही घसरून झालं नव्हतं. ते तिनं रोज उठून, जागेपणी, मायेनं केलं होतं. आणि ज्याची भीती होती तेच ती दहा वर्षं स्वतःच्या हातानं घडवत आली होती. तिला वाटलं, ह्या पोरीला सासूकडं वस्तीवर टाकून आपण कोयत्यावर गेलो असतो तर बरं झालं असतं. तिकडं ती धुळीत पडली असती, फुटली असती, आणि उभी राहिली असती.

"ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा," तेजश्री म्हणाली. "मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय." सुनिता बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. भिंतीवर माणसाच्या पाठीच्या कण्याचं चित्र होतं, त्याच्याकडं ती बघत होती आणि ते तिला दिसत नव्हतं. आत दोघींची हसण्याची कुजबुज. मग करिष्माचा आवाज, ती दारावरून गेलेल्या कुणाच्या तरी पावलांवरून तो माणूस लंगडतो का नाही ते सांगत होती. मग तेजश्री मोजायला लागली. एक. दोन. तीन. सुनिताला वाटलं पावलं मोजताहेत. चार. पाच. सहा. ती उठली. दार ओढून घेतलेलं होतं पण पूर्ण नाही, बोटभर फट होती. करिष्मा पिवळ्या पट्टीवर उभी होती, डाव्या पायावर. उजवा पाय मागं उचललेला, हात बाजूंना पसरलेले, जीभ दातांत धरलेली. ती हलत होती. इकडं जायची, परत यायची, तिकडं जायची, परत यायची. प्रत्येक वेळी घोटा थरथरायचा आणि प्रत्येक वेळी पोर त्याला परत आणायची, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते सुनितानं कधीच बघितलं नव्हतं. हीच पोर, हाच पाय, अर्ध्या तासापूर्वी एक सेकंदही टिकला नव्हता. आठ. नऊ. सुनिताला ओरडावंसं वाटलं, आनंदानंच असावं, पण आवाज होऊ नये म्हणून तिनं श्वास आवरून धरला आणि दाराला हात लावला. दार किंचित हललं.

करिष्मानं वर बघितलं नाही. नुसती मान जरा वळवली, ऐकल्यासारखी, आणि पाय खाली ठेवला. घाईनं नाही, हळूच. आणि मग ती जमिनीवर बसली. "अगं, किती छान उभी होतीस," तेजश्री म्हणाली, "का सोडलंस?" "आई आली." "मग आली तर आली." पोरीनं खांदे उडवले. तिला हे सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. "मी उभी राहिले की आई दम रोखून धरती. तिचा दम बंद झाला की मला वाटतं आता पडणारच आपण. लई घाबरती ती. त्यापरीस आधीच बसलेलं बरं. बसलं की ती सोडती." तिनं तक्रार केली नव्हती. गल्लीतल्या माणसांच्या चपला सांगाव्यात तसं तिनं सांगितलं होतं. सुनिता दारात उभी होती आणि तिचा श्वास अजून तसाच होता, तिला तो सोडता येत नव्हता, आणि आता सोडला तर तो ह्या दोघींना ऐकू जाईल हेही तिला कळत होतं.

निघताना तेजश्रीनं तिला बाजूला घेतलं. आठवड्यातून तीन दिवस आणा, पण शक्यतो दुसऱ्या कुणीतरी आणा, तिच्या वडलांनी, शेजारणीनं. काही दिवसच. "वाईट वाटून घेऊ नका ताई." "न्हाई वो, कावून वाटंल," सुनिता म्हणाली. अंजनाला सांगते, ती आणील. "आणि हात धरू नका. पडली तर पडू द्या. इथं तीन पायऱ्याच आहेत, आजच सुरुवात करा." सुनितानं मान डोलावली. तिला सगळं कळलं होतं, कुणी सांगितलं नसतं तरी कळलं होतं. ती आधी उतरली, मुद्दाम, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात मागं घेतले. रस्त्यावरून उन्हात तापलेल्या गाड्या जात होत्या. करिष्मा वरच्या पायरीशी आली. तिनं पायऱ्यांकडं बघितलं नाही, आईच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ, जसं परीक्षेतला प्रश्न वाचतात. मग तिनं उगीचच पाऊल डळमळवलं आणि हात पुढं केला. तिला हात नको होता. एवढं सुनितालाही दिसलं. तो हात पोरीनं आईसाठी केला होता, घाबरलेल्या माणसाला पाणी देतात तसा.

तो धरायचा नव्हता. सुनितानं धरला. दोन्ही हातांनी धरला, मनगटापाशी, घट्ट, आणि एकेक पायरी करत तिनं पोरीला खाली आणलं. खाली आल्यावर करिष्मानं आपला दुसरा हात तिच्या हातांवर ठेवला आणि थोपटलं.

"झालं, आई," ती म्हणाली. "उतरलो बघ. आता सोड श्वास."